प्रभाकरचे तीन आवाज

आमच्या घरात मुलाची पारख आवाजावरून करायची ही रीत आत्यामुळे पडली. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण सुशीला, रामाकोन्याला दिलेली. तिच्या वेळेस मुलाचा नुसता फोटो आला होता. फोटोत नामदेवराव खुर्चीवर असे बसले होते की आता कोणाला तरी हुकूम सोडतात की काय असं वाटावं. मिशी भरघोस, खांदे रुंद. लग्न लागेपर्यंत त्यांनी तोंड उघडलं नाही, आणि सगळे कौतुकानं म्हणाले, मुलगा गंभीर आहे. मग वरातीत त्यांनी बँडवाल्याला "थांबा जरा" म्हटलं, आणि कोण बाई बोलली म्हणून आत्या मागे वळून पाहायला लागली. नामदेवरावांचा आवाज इतका बारीक की त्यांच्या खताच्या दुकानात फोन लागला तर पलीकडचा माणूस हटकून म्हणे, "वहिनी, जरा शेटजींना द्या." माणूस मात्र लाखात एक. भांडण नाही, व्यसन नाही, आत्याला उलट शब्द नाही. तरी आत्यानं ठरवून टाकलं, या घरातली पोरगी यापुढे आवाज ऐकल्याशिवाय द्यायची नाही. आणि तिच्यानंतर या घरातून द्यायची एकच पोरगी उरली होती. ती मी.

आमचं घर पांढुर्ण्याला, स्टेशनापासून फार लांब नाही. मालगाडी गेली की फडताळातले पेले एकमेकांना लागून वाजत, आणि आई बोलता बोलता तेवढ्यापुरती थांबून पुन्हा त्याच शब्दापासून सुरू करी. शेजारी संत्र्याच्या पेट्या ठोकायचं आवार होतं. हंगामात तिथे सकाळपासून हातोड्या चालत. बाबा शाळेत भूगोल शिकवायचे आणि घरातही नकाशासमोर उभे असल्यासारखेच बोलायचे. "मीठ कुठे आहे" हे सुद्धा ते मागच्या बाकापर्यंत पोचवायचे. अशा आवाजात राहून आम्हाला सगळ्यांनाच मोठ्यानं बोलायची सवय लागलेली. आईचा एकटीचा आवाज तेवढा मऊ. पण तिच्या हातची सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची वडी, तळून झाली की तिला कोणाला हाक मारावी लागत नसे. वास घरभर फिरला की सगळे आपसूकच चुलीपाशी जमायचे.

मी तेव्हा कम्प्युटरच्या क्लासमध्ये शिकवत होते. तिवारी सरांचा क्लास. आमच्या पुढच्या गल्लीत, कृषी केंद्राच्या वरच्या माळ्यावर. खालून कीटकनाशकाचा वास वर येई आणि दुपारच्या बॅचची पोरं डोकं धरून बसत. मशीनं जुनी, पण एकाला साउंड कार्ड आणि दोन स्पीकर होते. त्या मशीनवर तिवारी सरांनी जरीचं कापड घातलं होतं. गावात मला मॅडम म्हणायचे. भाजीवाल्या सुद्धा म्हणायच्या, "कम्प्युटरवाल्या मॅडम, मेथी न्या." खरं सांगते, मला ते फार आवडायचं. घरी मात्र मॅडमची किंमत पोळ्या गोल होतात की नाही यावर ठरत होती, आणि माझ्या होत नव्हत्या.

तर प्रभाकरचं स्थळ आणलं ते नामदेवरावांनी. लोधीखेड्याचं घर, संत्र्याची बाग, वडील नाहीत, आई खमकी. मुलगा बंगलोरला कुठल्याशा संशोधन संस्थेत इंजिनिअर. फोटो पाहून आई म्हणाली चांगला आहे. बाबा म्हणाले बंगलोरची हवा समशीतोष्ण आहे. आत्या म्हणाली, "फोटो मले दाखवू नका. फोटोनं मी एकदा फसली. आवाज ऐकवा." नामदेवराव समोरच बसले होते. त्यांनी शांतपणे चहा बशीत ओतला.

आता मुलाला सुट्टी नव्हती, दिवाळीपर्यंत तो येऊ शकत नव्हता. फोन करावा तर गावातला एसटीडीवाला पलीकडच्या माणसाआधी ऐकायचा आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या पांढुर्ण्याला कळायचं. लग्न ठरायच्या आधी मुलामुलीनं फोनवर बोलायचं हेही बाबांना पटेना. नामदेवरावांनी हे सगळं प्रभाकरला कळवलं, आणि महिन्याभरात ते रामाकोन्याहून एक फ्लॉपी घेऊन आले. रुमालात गुंडाळलेली, वर कुंकवाचं बोट. बहुतेक प्रभाकरच्या आईनं लावलं असावं.

"यात त्याचा आवाज आहे," नामदेवराव म्हणाले. "मी म्हटलं त्याले, बापा, साधी कॅसेट पाठव ना. तर म्हणे, मुलगी कम्प्युटर शिकवते ना, तिला उघडता येईल."

तिला उघडता येईल. माझ्या आयुष्यात असं कोणी माझ्याबद्दल बोललं नव्हतं. तोवर जे पाहायला आले ते, मुलगी कम्प्युटर शिकवते हे ऐकून, म्हणजे टायपिंग ना, असं म्हणून पुढच्या प्रश्नाकडे वळायचे. मी फ्लॉपी हातात घेतली आणि तिथेच ठरवलं की हा माणूस मला पाहिजे. घरच्यांना आवाज ऐकायचा होता. मला फाईल उघडायची होती.

ती उघडेना. तिकडची मोठी मशीनं वेगळी, त्यांच्या आवाजाच्या फाईली वेगळ्या. आमचं मशीन ती पाहून म्हणे, ओळखत नाही. तिवारी सरांच्या फ्लॉप्यांच्या डब्यात एक प्रोग्राम होता, एका जातीची फाईल दुसऱ्या जातीत बदलून देणारा. त्यानं बदलून पाहिली तर स्पीकरातून नुसता चरचर आवाज. तिवारी सर कान लावून म्हणाले, "ये तो भजिए तल रहा है, बेटा." पुष्कळ खटपटीनंतर मला कळलं की तिकडची मशीनं जागा वाचवायला आवाज दाबून भरतात. तो आधी उलगडावा लागतो. तो उलगडला, आणि भज्यांच्या आतून माणूस बोलायला लागला.

आता अडचण वेगाची होती. कम्प्युटर आवाजाचे बारीक बारीक तुकडे करून ठेवतो, आणि सेकंदाला किती तुकडे वाजवायचे ते फाईलच्या डोक्यावर लिहिलेलं असतं. या फाईलच्या डोक्यावर काहीच नव्हतं. तुकडे जास्त वेगानं वाजवले की माणूस घाईत आणि बारीक बोलतो, कमी वेगानं वाजवले की सुस्त आणि जाड. आमच्या प्रोग्रामात निवडायला तीनच आकडे होते, चव्वेचाळीस हजार, बावीस हजार, अकरा हजार. त्याखाली काही नाही. तिवारी सर म्हणाले मोठा आकडा म्हणजे चांगली क्वालिटी. चव्वेचाळीसवर प्रभाकर रातकिड्यासारखा वाजला आणि संपला. बावीसवर उंदीर. अकरावर तो एकदाचा माणूस झाला आणि त्याचे शब्द लागले.

तो म्हणत होता, "नमस्कार. मी प्रभाकर. काय बोलावं ते कळून नाही राहिलं. इथे सगळे माझ्याकडे पाहून हसून राहिले. मला भाजी करता येते, पोळी येत नाही. आई म्हणते मी हट्टी आहे, ते खरं आहे. मुलीला तिचं काम सोडायला कोणी सांगू नका, अशी मुलगी आपल्याकडे मी तरी पाहिली नाही. आणि फाईल उघडली नाही तर तिचा दोष समजू नका, आमच्या मशीनचा आहे."

मी ते पुन्हा पुन्हा ऐकलं. दर वेळेस पोळीपाशी हसू आलं. आजकाल माझी पोरगी माझे व्हॉट्सॲपचे निरोप दीडपट वेगानं ऐकते, म्हणते आई तू फार पाल्हाळ लावतेस. मी तिला सांगते, बाई, तुझ्या बापाचं मी काय काय वेगानं ऐकलं आहे ते तुला माहीत नाही. पण आवाज कोणासारखा वाटत होता, हे मात्र त्या दिवशी माझ्या लक्षातच आलं नाही. माझे कान शब्दांकडे लागले होते.

रविवारी सकाळी सगळं घर क्लासमध्ये आलं. बाबांनी कोट घातला होता. आत्या ठेवणीतलं लुगडं नेसून रामाकोन्याहून सकाळच्या बसनं आली होती, सोबत नामदेवराव. आईनं डब्यात पोहे आणले होते, कारण मुलगा पाहायचा कार्यक्रम आणि पोहे नाहीत, हे तिच्या बुद्धीला झेपेना. तिनं सगळ्यांच्या बशा भरल्या, वर चिरलेला सांबार पेरला, आणि एक बशी कीबोर्डच्या बाजूला ठेवली. तिवारी सर म्हणाले, "भाभी, वो खाता नहीं." आई म्हणाली, "माहीत आहे हो. पण पाहुण्याची बशी नाही मांडली असं नको." आत्यानं मॉनिटरला हळदकुंकू लावलं ते तिवारी सरांनी चालवून घेतलं. सीपीयूवर नारळ फोडू दिला नाही.

मी बटण दाबलं. अकरा हजारचा प्रभाकर बोलायला लागला. "नमस्कार" झाला, आणि हळूहळू सगळ्यांच्या माना नामदेवरावांकडे वळल्या. हुबेहूब. तोच बारीकपणा, तीच घाई, शेवटी तसंच किंचित वर जाणं. डोळे मिटून ऐकलं असतं तर नामदेवरावच स्वतःला भाजी येते म्हणून सांगून राहिले असं वाटलं असतं.

"बंद कर," आत्या म्हणाली.

"आत्या, हा खरा आवाज नाही," मी म्हटलं. "वेग जास्त झाला आहे. खरा याच्यापेक्षा जाड असणार."

"मग जाड वाजव."

"याच्याखाली आकडाच नाही."

मी बावीसवर वाजवून दाखवला, चव्वेचाळीसवर दाखवला, म्हणजे वेगाचा खेळ तिला कळेल. झालं उलटंच. उंदीर आणि रातकिडा ऐकून आत्या आणखी पक्की झाली. "तीनदा वाजवला, तिन्ही वेळा बारीक. काहून खोटं बोलन मशीन? भाऊ, नाही म्हणून कळवून टाक." बाबा आत्याचा शब्द कधी मोडत नसत. ते कोटाच्या खिशात पेन शोधायला लागले.

तेव्हा नामदेवरावांनी बशी खाली ठेवली. त्यांना मी कधी चिडलेलं पाहिलं नव्हतं, आणि तेव्हाही ते चिडले नव्हते. ते म्हणाले, "सुशीला, एवढी वर्षं झाली. माझ्या आवाजानं तुझं काय अडलं ते आज सगळ्यांसमोर सांगून टाक."

आत्या पदराशी चाळा करत म्हणाली, "माझं काही अडलं नाही. लोकं तुम्हाले हसतात. बाजारात हसतात, लग्नात हसतात. ते मले सहन होत नाही. या पोरीले ते कायले?"

हे तिनं त्यांना आधी कधी सांगितलेलं नसावं. कारण नामदेवराव खिडकीकडे तोंड करून रुमालानं चष्मा पुसायला लागले. चष्मा स्वच्छच होता. मला त्या दोघांची इतकी माया आली की माझी भीतीच गेली. मी म्हटलं, "मला हसलेलं चालते. आवाज हाच असला तरी चालते. मला हाच मुलगा करायचा आहे."

त्या काळी पांढुर्ण्यात मुलीनं असं बोलणं म्हणजे काय ते आता कोणाला सांगून कळणार नाही. आईच्या हातातला चमचा पोह्यांतच राहिला. बाबांनी भूगोल सोडून पहिल्यांदाच काही तरी हळू आवाजात म्हटलं. ते म्हणाले, "ताई, आपण पोरीचा आवाज त्यांना पाठवू. त्यांनी पाठवला, आपण पाठवला नाही, हे बरं दिसत नाही. मग दिवाळीत येऊ दे त्याला." आत्यानं मानेनं हो म्हटलं. मात्र सांगून ठेवलं, की मुलगा घरात येऊन तोंडानं बोलल्याशिवाय ती सुपारी फुटू देणार नाही.

माझी फाईल तिथेच, त्याच मशीनवर भरली. बाबांनी सांगितलं होतं तसं नाव, शिक्षण, विणकामाची आवड वगैरे बोलले. विणकाम मला येत नाही, तेव्हा निदान एक तरी खरं असावं म्हणून शेवटी सांगून टाकलं, "मलाही पोळी येत नाही. बाहेरून आणावी लागेल." बाबांनी कपाळाला हात लावला, पण पुसून पुन्हा भरायची तोवर वीज गेली, आणि जतन झालेलं तेवढंच बंगलोरला गेलं. लोधीखेड्याहून निरोप आला की मुलाच्या आईला मुलगी एकदम पसंत आहे, दिवाळीत आम्ही येतो. एकदम पसंत का, हे काही आम्हाला कळलं नाही.

दिवाळीच्या आठवड्यात मायलेक दोघं आले. नामदेवराव आणि आत्या आदल्या दिवसापासून आमच्याकडे होते. प्रभाकर मात्र दारापर्यंत पोचलाच नाही. वाटेत तिवारी सरांनी त्याला गाठलं. बंगलोरचा इंजिनिअर हाताशी आला आहे म्हटल्यावर क्लासमधलं बंद पडलेलं मशीन त्याला दाखवल्याशिवाय ते सोडणार थोडेच. तर त्याची आई एकटीच पुढे आली. काळीसावळी, उंच, हातात संत्र्यांची पिशवी. सतरंजीवर बसली आणि म्हणाली, "बोलवा मुलीले."

मी पाणी घेऊन गेले, वाकून नमस्कार केला, म्हटलं, "प्रवास बरा झाला ना?"

त्यांनी पेला घेतला नाही. माझ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे. "ही ती नव्हे," त्या म्हणाल्या.

बाबांना वाटलं ऐकण्यात चूक झाली. त्यांनी विचारलं, कोण ती.

"जिचा आवाज तुम्ही पाठवला ती. माझ्या पोरानं कॅसेटवर उतरवून मले पाठवला होता. काय आवाज होता बापा. जाड, भरदार, सावकाश. मी बागेतल्या गड्याले पण ऐकवला. म्हटलं, हे पोट्टी बांधावर उभी राहून हाक मारन तर माकडं सावनेरपर्यंत पळतीन. माझा गळा बसला आता, मले अशीच सून पाहिजे होती. आन् तुम्ही हे चिमणी समोर आणून उभी केली. त्या पोट्टीले कुठी लपवलं?"

मला क्षणात सगळं कळलं. माझी फाईल आमच्या वेगाची, त्यांचं मशीन सुस्त. त्यानं ती आपल्या वेगानं वाजवली आणि माझा झाला पहिलवान. मी समजवायला गेले, काकू, सेकंदाला तुकडे असतात, त्यांचा आकडा चुकला. त्या म्हणाल्या, "बाई, तुकड्याचं मले सांगू नको. माणूस बदलते, आवाज बदलत नाही." आत्या मागून म्हणाली, "हाव, तेच म्हणून राहिली मी केव्हाची." आता या दोघींचं एकमत झालं तर माझं काही खरं नव्हतं. बाबांनी शपथ घेतली. त्या उठल्या, पायात वहाणा घालायला लागल्या.

"हाक मारायचीच आहे ना?" मी म्हटलं. "मग मारून दाखवते."

"बसन तुझा गळा."

मी तशीच गच्चीवर गेले. सगळे मागे अंगणात येऊन वर पाहायला लागले. कोणाला हाक मारावी ते काही ठरवलं नव्हतं. शेजारी पेट्या ठोकणाऱ्या हातोड्या चालू होत्या, पलीकडे गल्ली, आणि तिच्या पलीकडे क्लासची खिडकी. त्या खिडकीच्या आत माझा माणूस बसला होता आणि इकडे त्याची आई निघून चालली होती. मी छाती भरून घेतली, आणि बापाचा सगळा भूगोल गळ्यात आणून ओरडले, "ओ प्रभाकर!"

हातोड्या थांबल्या. समोरच्या घरातली म्हातारी बाहेर आली. खाली आई "अगं नाव काय घेतेस" म्हणत होती तेही मला ऐकू आलं. आणि पुढच्या गल्लीतून, कृषी केंद्राच्या वरून उत्तर आलं, "आलो!"

तो आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. रातकिडा नाही, उंदीर नाही, नामदेवरावही नाहीत. साधा माणसाचा आवाज, थोडा नाकात, थोडा घाबरलेला. आत्यानं डोळे मिटून ऐकला आणि नामदेवरावांचा हात धरून अंगणातल्या ओट्यावर बसली. गल्लीतून पळत प्रभाकर आला. एका पायात त्याची चप्पल होती, दुसऱ्या पायात तिवारी सरांची, आणि हाताला मशीनची धूळ. फाटकात उभा राहून त्यानं वर पाहिलं.

"हाक तुम्ही मारली?"

"हो."

"मग त्या फाईलमध्ये कोण होतं?"

"मीच. तुमचं मशीन हळू आहे."

तो विचारात पडला, ओठांतल्या ओठांत काही तरी हिशेब करायला लागला, आणि मग त्याला इतकं हसू फुटलं की फाटक धरावं लागलं. म्हणाला, "मी त्या आवाजालाच हो म्हटलं होतं. तुम्ही बाहेरून पोळी आणू म्हणाल्या म्हणून."

"मीही तुमच्या बारीक आवाजाला हो म्हटलं होतं," मी गच्चीवरूनच सांगितलं. सगळी गल्ली ऐकत होती, पण आता लाजायला उशीर झाला होता.

बाबा लगबगीनं प्रभाकरच्या आईकडे वळले. म्हणाले, आता तरी तुमची खात्री पटली ना, मुलगी तीच आहे. त्यांनी पायातल्या वहाणा काढल्या, पदर खोचला, आणि माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "हे तुमचं कम्प्युटरचं मले काही पटलं नाही, गुरुजी. पोट्टी तुम्ही बदलली हाय. पण आता मले हेच पाहिजे."